छद्म-पुरातत्त्वाच्या अभ्यासाला लागताना

छद्म-पुरातत्त्वाच्या, म्हणजे ठोस पुराव्याशिवाय पुरातत्त्वाचा आव आणणाऱ्या दाव्यांच्या, अभ्यासाची सुरुवात आपल्या गोव्यातूनच करण्याचा तुमचा विचार मला मनापासून आवडला. ग्रंथांची लांबलचक यादी आताच देत नाही. आधी कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळला जाऊन या. तिथल्या जांभ्याच्या कातळावर जनावरांच्या आकृतींसोबत एक वर्तुळाकार चक्रव्यूह कोरलेला आहे. त्याच्याजवळ उकिडवे बसून रेषांची खोली आणि झीज निरखा, वहीत रेखाटन करा, आणि मगच परग्रहवासीयांपासून बुडालेल्या महासंस्कृतीपर्यंतचे दावे वाचायला घ्या.

नवख्यांच्या दोन चुका मला वारंवार दिसतात.

१. वस्तू पाहणे, पण ती कुठून आली हे न विचारणे. खंबायतच्या आखातातून मिळालेल्या लाकडाच्या एका तुकड्याचे वय सुमारे ९,५०० वर्षे निघाले आणि २००२ साली तेवढ्याच जुन्या शहराचा दावा झाला. परंतु तो तुकडा उत्खननातील थरातून नव्हे, तर समुद्रतळ उपसताना वर आला होता. प्रवाहाबरोबर वाहत आलेले लाकूड शहराचे वय कसे सांगणार?

२. दावा मानणाऱ्याला मूर्ख ठरवणे. परशुरामाच्या बाणाने कोकणभूमी निर्माण झाल्याची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते; ती सांगणाऱ्या आजीला खोडून काढू नका. श्रद्धेची कथा भूशास्त्रीय पुरावा म्हणून कोण, केव्हा आणि कशासाठी मांडू लागला, हा तुमचा खरा प्रश्न आहे.

लाकडासारख्या अवशेषांचे वय काढणाऱ्या कार्बन कालमापनातील बारकावे तूर्त बाजूला ठेवा. पहिले रेखाटन झाले की जरूर दाखवा.