लंडनचा जुना पब: आत शिरल्यावर आधी काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून नोकरीसाठी लंडनला येताय, ऑफिस होबर्नला आहे, संध्याकाळी गप्पा मारत बसण्याजोगा चांगला जुना पब कसा ओळखायचा, आणि शाकाहारी माणसाचं तिथे कसं निभतं.

आधी कोरेगाव पार्क डोक्यातून काढा. कव्हर चार्ज, डीजे, कानठळ्या हे इथलं नव्हे. जुना पब स्वभावाने इराण्याच्या हॉटेलाजवळचा. एका ग्लासावर दोन तास काढले तरी कुणी उठवत नाही. मात्र टेबलाशी येऊन ऑर्डरही कुणी घेत नाही. नवखे लोक वीस मिनिटं वेटरची वाट बघत बसतात. बारपाशी जायचं, सांगायचं, तिथेच पैसे द्यायचे आणि ग्लास आपणच उचलून आणायचे. रांग दिसत नाही, पण असते. कोण आधी आलं हे बारवाल्याच्या लक्षात असतं. हाका मारल्या किंवा कार्ड हलवलं की तुमचा नंबर हमखास मागे जातो. कुणाला गिनेस, म्हणजे काळी आयरिश बिअर, हवी असेल तर ती सगळ्यात आधी सांगा. दोन टप्प्यांत भरतात, मधे थांबतात, त्यामुळे दोनेक मिनिटं जातात.

आता पारख. बारवर गावच्या हापशासारखे ओढायचे उभे दांडे दिसतील. त्यांतून येते ती कास्क एल. ही बिअर पिंपात जिवंत असते, तिचं शेवटचं आंबणं तळघरातच होतं. ११ ते १३ अंशांना देतात. तिला कोमट म्हणून नाक मुरडू नका, ती तशीच असायला हवी. पिंप एकदा उघडलं की हवा शिरते आणि साधारण तीन दिवसांत चव उतरते. नेहमीच्या लहान पिंपाला फर्किन म्हणतात. त्यात ७२ पाइंट मावतात, आणि इथला पाइंट ५६८ मिलिलिटरचा. म्हणजे एका दांड्यामागे रोज २४ पाइंट खपायला हवेत. आठ दांडे असतील तर १९२. सोमवारी संध्याकाळी चार गिऱ्हाईकं असलेल्या पबात आठ दांडे दिसले, तर त्यांतले निम्मे शिळे समजा. माझं मत विचाराल तर तीन दांडे आणि भरलेला पब केव्हाही बरा.

बिघाड जिभेवर कळतो. व्हिनेगरसारखा आंबटपणा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला म्हणजे पिंप जुनं झालंय. गढूळपणा मात्र फसवा असतो. कधी तळाचा गाळ ढवळलेला असतो, कधी बिअर मुद्दामच न निवळता दिलेली असते. बारवाल्याला विचारा. गर्दी नसेल तर घोटभर चव मागायला लाजू नका, फुकट देतात. बिघडलेला पाइंट दोन घोटांतच परत न्या आणि शांतपणे सांगा, बहुतेक ठिकाणी वाद न घालता बदलून देतात. अर्धा संपवून नेलात तर मग तुमची बाजू लंगडी.

दुसरी पारख बसायच्या जागेची. भिंती पाडून एकच मोठा हॉल केला की आवाज घुमतो आणि गप्पा संपतात. हाय होबर्नवरच्या प्रिन्सेस लुईसमध्ये मधल्या बारभोवती लाकूड आणि नक्षीदार काचांचे छोटे कप्पे आहेत. दार ढकलून आत गेलं की चार-सहा जणांची वेगळी खोलीच. तिथून चालत जाण्याजोग्या द लॅम्बमध्ये बारच्या वर, डोळ्यांच्या उंचीला, फिरणाऱ्या धुरकट काचांच्या छोट्या झडपा आहेत. त्यांना स्नॉब स्क्रीन म्हणतात. पिणाऱ्या साहेबाचा चेहरा पलीकडे दिसू नये आणि ग्लास मात्र खालून सरकवता यावा, ही व्हिक्टोरियन सोय. फ्लीट स्ट्रीटवरचा चेशर चीज हा पब लंडनच्या १६६६ च्या मोठ्या आगीनंतर १६६७ मध्ये पुन्हा बांधला. तळघर बघण्यासारखं आहे, पण पर्यटक फार. हा आणि प्रिन्सेस लुईस दोन्ही सॅम्युअल स्मिथ या बिअर कंपनीचे. तिथे त्यांचीच बिअर मिळते, गाणी नाहीत, टीव्ही नाही. निव्वळ बिअरसाठी जायचं तर चेरिंग क्रॉसजवळचा द हार्प. अरुंद आहे, उभं राहावं लागेल. गुरुवारी ऑफिसांची गर्दी सगळीकडेच. खुद्द सिटीतले, म्हणजे लंडनच्या बँका-ऑफिसांच्या जुन्या भागातले, बरेच पब शनिवार-रविवारी बंद असतात.

शाकाहाराचं. बरीच कास्क एल माशाच्या हवेच्या पिशवीपासून काढलेल्या पदार्थाने निवळवतात. गिनेसने ते सोडलंय. चालत नसेल तर व्हीगन लिहिलेली बिअर मागा. चिप्स (इथे म्हणजे फ्रेंच फ्राइज) कशात तळतात ते विचारा, काही ठिकाणी गाईची चरबी वापरतात. स्कॉच एग दिसतं निरागस, पण अंड्याभोवती डुकराचा खिमा असतो. प्लाउमन्स म्हणजे पाव, चीज, लोणचं. पण हॅमशिवाय द्या म्हणून सांगा. चकणा फुकट नाही. क्रिस्प्सचं, म्हणजे आपल्या वेफर्सचं, पाकीट घेतलं तर उभं फाडून टेबलाच्या मधोमध पसरायचं, एकट्याने कुरतडायचं नसतं.

न पिणाऱ्याला लाइम अँड सोडा सर्वांत स्वस्त. पण ते आपलं ताजं लिंबू नव्हे, गोड सरबताचा अर्क असतो. व्हिस्कीचा सिंगल २५ किंवा ३५ मिलिलिटर. लार्ज वाइन म्हणाल तर २५० मिलिलिटर येते, म्हणजे बाटलीचा तिसरा हिस्सा.

राउंडचं गणित आधीच ठरवा. एकाने सगळ्यांसाठी आणलं की पुढची पाळी दुसऱ्याची. सहा जणांत शिरलात तर सहा पाइंट गळ्यात पडतात. लंडनमध्ये पाइंट सहा-सात पौंडांना, म्हणजे एक राउंड चाळिशीच्या घरात. पेलणार नसेल तर अर्धा पाइंट घेत जा किंवा सुरुवातीलाच ‘मी माझं घेतो’ म्हणा, कुणी वाईट वाटून घेत नाही. दोन राउंड पिऊन पाळी यायच्या आत निघालेला माणूस मात्र लक्षात राहतो. बारवर टिप द्यायची पद्धत नाही.

पंचविशीच्या आतले दिसत असाल तर वयाचा पुरावा मागतील. व्हिसा आता डिजिटल असल्याने खिशात कार्ड नसतं. रोज पासपोर्ट घेऊन फिरण्यापेक्षा इथला प्रोव्हिजनल (शिकाऊ) ड्रायव्हिंग लायसन्स काढा. अकराच्या सुमारास घंटा वाजते, ती शेवटच्या ऑर्डरची. स्वयंपाकघर त्याच्या कितीतरी आधी, बहुतेक ठिकाणी नऊ-साडेनऊला बंद होतं, म्हणून जेवायचं असेल तर साडेआठच्या आत सांगून टाका.