चूक पोराची, बोलायचं कुणाशी?

"चूक डोळ्यांदेखत दिसतेय, मी वरचा माणूस आहे, मग मी नाही बोलायचं तर कुणी?" साताऱ्याकडे फौजी घरं भरपूर, त्यामुळे समुपदेशक म्हणून सुट्टीवर आलेल्यांशी बोलताना हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. एक नायब सुभेदार नेमका हाच घेऊन आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) खरं तर बायकोनं त्यांना आणलं होतं. झोप उडाली होती आणि घरात सारखी चिडचिड चालली होती.

चार-पाच महिन्यांपूर्वी बढती मिळालेली. आधी हवालदार म्हणून हाताखाली एक सेक्शन, दहा जवान. आता प्लाटून, म्हणजे तीन सेक्शन. एका सकाळी शस्त्रतपासणीत एका अग्निवीराच्या रायफलीच्या नळीतून त्यांनी चिंदी ओढली, ती काळी निघाली. सेक्शन कमांडर हवालदार दोन पावलांवर उभा होता. यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पोराला सगळ्यांसमोर झाडलं आणि पिट्ठू, म्हणजे पाठीवरची जड पिशवी, लावून मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या.

"मॅडम, रायफल घाण होती. माझं काय चुकलं?"

रायफलीबद्दल त्यांचं बरोबरच होतं, आणि मी तसं म्हटलंही. मग विचारलं, "त्या दिवसानंतर काय बदललं?"

तेव्हा कुठे हळूहळू बाहेर आलं. सुट्टी असो, ताप असो, घरचं भांडण असो, पोरं आता हवालदाराला ओलांडून थेट यांच्याकडे येतात. हवालदार "जी साब" म्हणतो, त्यापलीकडे शब्द नाही. तिसाएक माणसांचं बारीकसारीक सगळं यांच्या एकट्याच्या डोक्यावर. झोप कशी लागणार?

मध्येच ते म्हणाले, "आमच्या वेळी तर थोबाडीत बसायची." तिथे मात्र मी त्यांना थांबवलं. १९५० च्या सैन्य अधिनियमात कलम ४७ आहे: हाताखालच्या माणसावर हात टाकला किंवा त्याला वाईट वागवलं, तर कोर्ट मार्शलमध्ये ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम २६ प्रमाणे जवानाला कंपनी कमांडरकडे दाद मागता येते. हे त्यांना ठाऊक होतं, पण आठवण करून देणं मला गरजेचं वाटलं.

मग मी विचारलं, "तुम्ही हवालदार होतात, तेव्हा तुमचे साहेब काय करायचे?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "कोतमागं, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या खोलीमागं, बोलवायचे. एकट्याला. म्हणायचे, तुझ्या सेक्शनची एक रायफल बरी नाही, उद्या परत बघीन. बास." थोडं थांबून म्हणाले, "त्या रात्री मी दहाच्या दहा रायफली स्वतः तपासल्या होत्या."

खांद्यावरची निशाणी बदलली होती, मन अजून त्या दहा जणांच्या सेक्शनमध्येच होतं. बढती मिळालेल्या माणसाचं असं पुष्कळदा होतं, आणि त्यात कमीपणा नाही. इतकी वर्षं जीव लावलेलं काम दुसऱ्याच्या हाती देणं जडच जातं. पण गोळीबार सुरू झाला की प्लाटूनचे साहेब कुठे, सेक्शन कुठे! त्या घटकेला पोराच्या कानाला सवय हवी ती त्याच्या हवालदाराच्या आवाजाची. तो आवाज आपणच सगळ्यांदेखत बारीक करून ठेवायचा नसतो. अपवाद जिवाच्या धोक्याचा: रेंजवर रायफलीचं तोंड भलतीकडे वळलं तर हुद्दा बघत बसायचं नाही, ओरडायचंच. हवालदाराला मग सांगता येतं.

हवालदाराशी काय बोलायचं, याची आम्ही तालीम केली. पहिल्यांदा तोंडातून आलं, "तुझ्या त्या पोरानं..." दुसऱ्यांदाही तेच. चौथ्या खेपेला म्हणाले, "मी आधी तुला सांगायला हवं होतं." आणि हनुवटी जराशी थरथरली.

पलटणीत परतल्यावर तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. हवालदाराशी कोतमागेच बोलले होते. तो "जी साब" एवढंच म्हणाला म्हणून यांना वाईट वाटलं होतं. पण पुढच्या तपासणीत काय खटकलं ते यांनी हळूच हवालदाराला सांगितलं आणि पुढे निघून गेले. मागून हवालदाराचा आवाज ऐकू आला, चांगला खणखणीत. परवा संध्याकाळी तो स्वतःहून त्यांच्याकडे आला, सेक्शनच्या सुट्ट्यांची यादी घेऊन, आणि चहाला बसला.