श्रेयनामावली तयार करणाऱ्या तरुण सहकाऱ्यास

प्रिय तरुण सहकाऱ्यास,

सप्रेम आशीर्वाद.

मालिकेची श्रेयनामावली तयार करण्याचे काम तुझ्याकडे आल्याचे कळले, आणि पाठोपाठ नावांचा क्रम कोणत्या नियमाने लावायचा हा तुझा प्रश्नही आला. प्रश्न योग्य आहे, पण क्रमाची काळजी वाहणारे पुष्कळ असतात. कलाकार, त्यांचे व्यवस्थापक, निर्माते, वाहिनी हे सगळे त्यावर डोळा ठेवून असतात. कोणाचेच लक्ष नसते ते नावासमोर लिहिलेल्या भूमिकेकडे आणि नामावलीच्या तळाशी असलेल्या माणसांकडे. ती जबाबदारी सर्वस्वी तुझी आहे, म्हणून या पत्राचा बराचसा भाग मी तिलाच देणार आहे.

क्रमाचे आधी उरकतो. कोणाचे नाव सुरुवातीच्या पाट्यांत, म्हणजे पडद्यावर नावे दाखवणाऱ्या चौकटींत, कोणाचे शेवटी, कोणाला स्वतंत्र पाटी, कोणाची दुसऱ्याबरोबर सामायिक, हे बहुतेक वेळा चित्रीकरणाआधीच करारात ठरलेले असते. सर्वांत शेवटी, ‘आणि’ लावून येणारे नाव मानाचे समजले जाते, कारण ते रांगेतून वेगळे काढलेले असते. सगळेच प्रमुख कलाकार तोलामोलाचे असले की वर्णानुक्रम लावून वाद मिटवतात. ‘फ्रेंड्स’ या अमेरिकी मालिकेतील सहाही प्रमुख कलाकारांची नावे इंग्रजी आडनावांच्या वर्णक्रमाने येतात. ‘लॉस्ट इन स्पेस’ (१९६५–६८) या मालिकेत जोनाथन हॅरिस तिन्ही पर्वांत सतत दिसत राहिले, तरी पाटीवर ते अखेरपर्यंत ‘विशेष पाहुणे कलाकार’च होते, आणि ‘मेलरोज प्लेस’मध्ये हेदर लॉकलियर यांचेही तसेच झाले. यावरून एवढे लक्षात घे की असे बिरूद कलाकार किती वेळ दिसतो हे सांगत नाही, तर त्याच्याशी काय ठरले होते हे सांगते. ते करारातून अक्षरशः उतरवून घे. एखाद्यावर अन्याय झाला असे तुला वाटले तर निर्मात्यांशी बोल, पण यादीत परस्पर दुरुस्ती करू नकोस.

शेवटच्या नामावलीला दुय्यम समजण्याची सवय मात्र मला मनापासून खटकते. ‘स्टार ट्रेक’ (१९६६–६९) या मूळ मालिकेच्या सुरुवातीच्या पाट्यांत पहिल्या पर्वात विल्यम शॅटनर आणि लिओनार्ड निमॉय ही दोनच नावे होती. डीफॉरेस्ट केली यांचे नाव दुसऱ्या पर्वापासून तिथे आले. निशेल निकोल्स, जॉर्ज टाकेई आणि जेम्स डूहन यांची नावे तिन्ही पर्वे शेवटच्या नामावलीतच राहिली. आज त्या मालिकेच्या चाहत्यांना ही नावे तोंडपाठ आहेत, आणि त्या काळी पडद्यावर त्यांची नोंद जिथे झाली ती जागा ‘कोणी वाचत नाही’ अशीच मानली जात असे.

आता भूमिकांकडे येतो. ज्या कलाकाराला मालिकेत एकच प्रसंग मिळाला आहे, त्याच्यासाठी तुझ्या यादीतली ती ओळ म्हणजे काम केल्याचा पुरावा असतो. पुढचे काम मागताना तो तीच दाखवतो. तिथे ‘शिपाई २’ एवढेच असेल, तर शिपायाच्या वेशात त्या भागात वावरलेल्या चौघांपैकी आपण नेमके कोण, हे त्याला सिद्ध करता येत नाही. समज, रुग्णालयातल्या प्रसंगात दोन परिचारिका आहेत. एक नुसती खोलीतून जाते आणि दुसरी म्हणते, “रात्री ताप नव्हता.” कॉल शीटवर, म्हणजे त्या दिवशीच्या चित्रीकरणाच्या कागदावर, दोघींपुढे ‘परिचारिका’ एवढेच लिहिलेले असते. तू ‘परिचारिका १’ आणि ‘परिचारिका २’ असे लिहिलेस तर काही महिन्यांनी दिग्दर्शकालाही कोणती कोण ते सांगता येणार नाही. बोलणारीपुढे ‘रात्रपाळीची परिचारिका’ असे लिहिलेस तर भाग पाहणारा कोणीही तिला ओळखेल. संवादात पात्राचे नाव एकदा जरी घेतले असेल तर तेच लिहावे. नाव नसेल तर त्या पात्राचे काम किंवा प्रसंगातील जागा लिहावी, आणि आकड्यांचा आधार अगदी नाइलाज झाला तरच घ्यावा.

यासाठी केवळ कागदांवर विसंबून चालत नाही. संहितेत पात्राचे नाव ‘सुनंदा’ असते, चित्रीकरणाच्या दिवशी ते ‘सुमन’ होते, आणि कागदावर सुनंदाच राहते. म्हणून संकलन पक्के झाल्यावर तो भाग दोनदा पाहा. पहिल्या वेळी आवाज बंद ठेवून प्रत्येक चेहऱ्याशी थांब आणि तो यादीत आहे का ते तपास. दुसऱ्या वेळी फक्त ऐक, आणि पात्रे एकमेकांना कोणत्या नावाने हाक मारतात ते टिपून घे. या दोन फेऱ्यांत कोणाचा प्रसंग कापला गेला आहे हेही कळते. अशा कलाकाराचे नाव ठेवायचे की काढायचे, हे करार पाहून लेखी विचारून घे. एकाचा चेहरा आणि दुसऱ्याचा आवाज असेल तर दोघांचीही नोंद करायला हवी. श्रेय नको म्हणण्याचाही कलाकाराला अधिकार आहे. ‘नाइट रायडर’मधल्या बोलणाऱ्या गाडीला आवाज देणारे विल्यम डॅनियल्स यांचे नाव त्यांच्याच इच्छेवरून पाटीवर येत नसे. पण तसे असेल तर ती इच्छा त्यांच्याकडून लेखी आलेली असावी, म्हणजे उद्या कोणी ती तुझी विस्मृती समजणार नाही.

नावाच्या बाबतीत माझा आग्रह कडक आहे: कलाकाराने स्वतः लिहून दिल्याप्रमाणेच नाव छापावे. मधले आद्याक्षर, जोडआडनाव, अक्षरांची ठेवण, यातले काहीही सोयीसाठी गाळू नये. अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या कलाकार संघटनांनी दोन सभासदांना एकच व्यावसायिक नाव वापरू न देण्याची पद्धत ठेवली. मायकेल जे. फॉक्स यांच्या नावातला ‘जे’ त्यामुळेच आला, कारण मायकेल फॉक्स हे नाव आधीच घेतले गेले होते. त्यांचे खरे मधले नाव अँड्र्यू आहे. डेव्हिड टेनंट यांनाही मॅकडॉनल्ड हे जन्माचे आडनाव याच कारणाने सोडावे लागले. तुला किरकोळ वाटणारे ते एक अक्षर दोन माणसांची आयुष्यभराची कामे एकमेकांत मिसळू देत नाही. नाव बदलले तर नवे नाव कोणत्या भागापासून लागू करायचे हे त्या व्यक्तीला विचार. अभिनेते इलियट पेज यांनी डिसेंबर २०२० मध्ये आपले नवे नाव जाहीर केले, तेव्हा नेटफ्लिक्सने त्यांच्या आधीच्या कामांच्या नोंदींतही ते घातले, आणि मला ते सर्वथा योग्य वाटते. लहान मुलांच्या बाबतीत तर अधिकच जपावे. ‘फुल हाउस’मध्ये एकाच बाळाची भूमिका जुळ्या ऑल्सन बहिणी करत होत्या, आणि बराच काळ पाटीवर दोघींची नावे अशी जोडून येत की वाचणाऱ्याला ती एकच मुलगी वाटावी. काम दोघींनी केले होते, तेव्हा दोघी स्पष्ट दिसायला हव्या होत्या.

एक अडचण तुला रहस्यप्रधान कथानकात हमखास येईल. प्रेक्षक पाट्या बारकाईने वाचतात, आणि पाटीवरच्या भूमिकेवरून कथानक आधीच फुटू शकते. ‘डॉक्टर हू’मध्ये अँथनी एनली साकारत असलेला खलनायक वेषांतर करून यायचा, तेव्हा १९८२ आणि १९८३ मधल्या कथांत त्या वेषातल्या पात्रापुढे अक्षरांची उलटापालट करून बनवलेले खोटे नाव छापले गेले. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’च्या निर्मात्यांनी २००२ मध्ये याच्या उलट केले. अँबर बेन्सन यांचे नाव सुरुवातीच्या मुख्य पाट्यांत प्रथमच आले ते नेमके त्यांचे पात्र ज्या भागात मारले जाते त्या भागात, आणि प्रेक्षकांना बसलेला धक्का त्यामुळे अधिकच तीव्र झाला. या युक्त्या परिणामकारक आहेत, पण तो निर्णय लेखक-दिग्दर्शकांचा असतो. तुझ्याकडे येते ती खबरदारी: भाग संपेपर्यंत प्रेक्षकाला पात्राविषयी जेवढे कळले असेल तेवढेच भूमिकेच्या रकान्यात असावे, आणि पडद्यावर काहीही छापले तरी कार्यालयातल्या नोंदीत खरे नाव व खरी भूमिका तारखेसह असावी.

आता तर पाट्या वाचायला सवडच मिळत नाही. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये सुरुवात वगळण्याचे बटण आणले, आणि शेवटची नामावली अनेक ठिकाणी कोपऱ्यातल्या चौकोनात आक्रसते किंवा पुढचा भाग तिला गिळून टाकतो. म्हणून काही जण हे काम आता गौण झाले असे म्हणतात. मला नेमके उलटे वाटते. कोण कोणत्या भूमिकेत होते हे शोधणारा आता मालिकेच्या माहितीपानाकडे जातो, आणि ते पान तू पाठवलेल्या यादीवरूनच भरले जाते. तिथे एक नाव चुकले की ते ठिकठिकाणी तसेच उतरवले जाते, आणि नंतर दुरुस्त करायला कलाकाराला दारोदार फिरावे लागते.

तेव्हा पहिल्या भागाची यादी अंतिम करण्याआधी त्यातल्या प्रत्येक कलाकाराला त्याची स्वतःची ओळ, म्हणजे नाव आणि भूमिका, दिसेल त्याच अक्षरांत पाठव आणि लेखी होकार घे. प्रमुख कलाकारांकडून होकार त्यांच्या व्यवस्थापकांमार्फत लगेच येईल. एका दिवसासाठी आलेल्या कलाकारांचे दूरध्वनी क्रमांक अनेकदा निर्मिती विभागाकडेही नीट नसतात. ते चित्रीकरण चालू असतानाच, त्याच दिवशी, स्वतः जाऊन घेऊन ठेव.

कळावे,
तुझा हितचिंतक