फायबर दारापर्यंत नको, घरात हवी

नव्या घराचा ताबा मिळाला की किचन ट्रॉली, पडदे, एसीचे पॉइंट यांवर आपण महिनाभर खल करतो. इंटरनेटची आठवण होते ती सामान उतरवल्याच्या दुसऱ्या दिवशी, ऑफिसची मीटिंग तोंडावर आली की. तोवर भिंतींना शेवटचा हात मारून झालेला असतो. या वेळी नव्या घरातल्या फायबर जोडणीबद्दल, म्हणजे प्रकाशावर इंटरनेट आणणाऱ्या काचेच्या बारीक तारेबद्दल, आलेले सहा प्रश्न घेतले आहेत.

पुढच्या महिन्यात पुनावळ्यातल्या फ्लॅटचा ताबा मिळतोय. इंटिरियरवाले म्हणतात, आता सगळं वायफायवर चालतं, नेटच्या वायरिंगवर खर्च करू नका. त्यांचं ऐकावं का?

ऐकू नका. वायफाय हवेतून चालतं हे खरं, पण ते भिंतींतून जावं लागतं. पुण्यातल्या बऱ्याच नव्या इमारती मायव्हान पद्धतीच्या आहेत, म्हणजे आतल्या भिंतीसुद्धा विटांच्या नसून लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या. अशा दोन भिंती मध्ये आल्या की ५ गिगाहर्ट्झचं वायफाय मान टाकतं. शिवाय या भिंती नंतर फोडता येत नाहीत, बिल्डर त्याला परवानगी देत नाही. त्यामुळे जे पाइप काँक्रीट ओततानाच आत गेलेत, तेवढेच तुमचे.

म्हणून ताबा घेताना नळ आणि टाइल्स तपासता तसे हे पाइपही तपासा. मजल्यावरच्या लो-व्होल्टेज डक्टमधून (फोन-इंटरनेटच्या वायरींच्या उभ्या पोकळीतून) तुमच्या घरात पाइप येतो का, तो नेमका कुठे उघडतो, आणि मोकळा आहे का? साइटवरच्या वायरमनला त्यातून स्प्रिंग घालून दाखवायला सांगा. सिमेंटने बुजलेला पाइप मी इतक्या वेळा पाहिलाय की तोंडी हमीवर विश्वास ठेवू नका, असंच सांगेन. पाइप मोकळा निघाला तर त्यात नायलॉनची दोरी ओढून ठेवा, नंतर तिला बांधून वायर ओढता येते. पाइप अजिबात नसेल तर फॉल्स सीलिंग बंद व्हायच्या आधी वरून एक टाकून घ्या.

आता बॉक्सची जागा. फायबर ज्या बॉक्समध्ये शिरते त्याला ओएनटी म्हणतात. हल्ली वायफाय राउटर बहुधा त्याच्यातच असतो. तो घराच्या मध्यावर हवा. पॅसेजमध्ये वरच्या बाजूला, उघड्यावर, शेजारी दोन प्लग. गेल्या वर्षी एका घरी गेलो होतो, तिथे हा बॉक्स चपलांच्या कपाटात, पत्र्याच्या डीबीला, म्हणजे विजेच्या मुख्य स्विचच्या पेटीला, चिकटून बसवला होता. बिचारी मुलगी बेडरूमच्या दारात स्टूल टाकून ऑनलाइन परीक्षा देत होती. बॉक्स सहा फूट बाहेर काढला आणि तिला टेबलावर बसता आलं.

याच जागेपासून हॉलमधल्या टीव्हीपर्यंत आणि प्रत्येक बेडरूमपर्यंत कॅट-६ वायर (इंटरनेटची तांब्याची लॅन वायर) टाका. आज वापरली नाही तरी चालेल. मात्र विजेच्या वायरच्या पाइपात ती घालू नका, तिला वेगळा पाइप द्या.

आणखी एक. फायबर काटकोनात वळवायची नसते. घरगुती जोडणीची फायबर जास्त वळण सोसते, तरी जुन्या एक रुपयाच्या नाण्याएवढं वळण ही शेवटची मर्यादा समजा. सुतार ट्रॉलीमागे ती खिळ्याने दाबून बसवतात, आणि मग महिनाभराने विनाकारण नेट तुटायला लागतं.

ठाण्यात आम्हाला 'फायबर' म्हणून जोडणी दिली, पण बिल्डिंगची लाइट गेली की इन्व्हर्टरवर राउटर चालू असूनही नेट जातं. मागच्या पावसाळ्यात वीज कडाडली तेव्हा राउटरच जळाला. असं का?

कारण तुमच्या घरात फायबर आलेलीच नाही. ती गच्चीवरच्या पेटीपर्यंत आली आहे. तिथे एक स्विच बसवलाय आणि तिथून तुमच्यापर्यंत तांब्याची लॅन वायर सोडली आहे. पेटीतल्या स्विचला बिल्डिंगची वीज लागते, म्हणून लाइट गेली की सगळ्या मजल्यांचं नेट जातं. आणि गच्चीवरून उघड्यावर लोंबत आलेली तांब्याची वायर जवळ पडलेल्या विजेचा झटका थेट राउटरच्या पोर्टमध्ये आणून सोडते.

ओळखायचं कसं? राउटरमध्ये जाणारी वायर बघा. टोकाला फोनच्या पिनसारखी, पण तिच्याहून रुंद, आठ पितळी पट्ट्यांची पारदर्शक पिन असेल तर ती लॅन. फायबर बारीक असते, तिच्या टोकाला बहुधा हिरवी चौकोनी पिन असते, आणि बॉक्सवर पॉन नावाचा दिवा असतो. जोडणी ठीक असली की तो हिरवा स्थिर राहतो. शेजारचा एलओएस दिवा लाल लुकलुकला तर प्रकाश पोचत नाही.

खऱ्या घरपोच फायबरमध्ये कंपनीच्या एक्सचेंजपासून तुमच्या भिंतीपर्यंत मध्ये कुठेही वीज लागत नाही. एका फायबरचा प्रकाश ३२ किंवा ६४ घरांत वाटणारा स्प्लिटर असतो, तोही काचेचाच, बिनविजेचा. म्हणजे अख्ख्या गल्लीत अंधार असला तरी एक्सचेंज बॅकअपवर असतं, आणि तुमच्या ओएनटीला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की नेट सुरू राहतं. ही सोय मला वेगापेक्षाही मोलाची वाटते, विशेषतः घरात म्हातारं माणूस एकटं असेल तेव्हा.

तेव्हा पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: 'घरात फायबर येणार की लॅन?' उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. जोडणी झाल्यावर तंत्रज्ञाला पॉवर मीटरवरचा (घरात पोचणाऱ्या प्रकाशाच्या जोराचा) आकडा दाखवायला सांगा. उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या दरम्यान असेल तर निर्धास्त राहा. उणे २७ किंवा त्याहून खाली, म्हणजे उणे २८, २९ असा, असेल तर जोड पुन्हा करून घ्या. आणि फायबरची पिन स्वतः काढून बोटाने पुसू नका. आतला काचेचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा असतो, बोटाचा तेलकटपणाही त्याला झाकायला पुरतो. उघड्या टोकात डोकावूही नका, तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही.

नाशिकला नव्या घरात २०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला. लॅपटॉपला वायर लावून टेस्ट केली तरी ९४ च्या वर जात नाही. कंपनी फसवतेय का?

आकडा ९४ च्या आसपासच अडत असेल तर दोष बहुतेक घरातच आहे. लॅन वायरमध्ये आठ तारा असतात. त्यातल्या चारच जोडल्या, किंवा एखादी तुटली, तर जोडणी १०० वर येते. काही स्वस्त राउटरचे पोर्टही १०० चेच असतात. दुसरी वायर लावून बघा, मग राउटरच्या मागे पोर्टवर काय लिहिलंय ते बघा. त्यानंतरच तक्रार करा.

नवी मुंबईतल्या आमच्या सोसायटीत सेक्रेटरी म्हणतात, एकाच कंपनीला परवानगी दिली आहे, दुसरी येणार नाही. आम्ही नवीन आहोत, भांडावंसं वाटत नाही.

भांडू नका, अर्ज द्या. इमारतीतले डक्ट आणि जागा सर्व कंपन्यांना भेदभाव न करता खुल्या असाव्यात, अशी शिफारस ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २०१७ मध्येच केली आहे. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, हे मान्य. पण २०२४ मध्ये ट्रायने इमारतींना डिजिटल जोडणीवरून स्टार देण्याचे नियमही आणले आहेत. फ्लॅट विकताना-भाड्याने देताना हे विचारलं जाणार, ही गोष्ट कमिटीच्या कानावर घाला.

माझा अनुभव असा, की कमिटीचा विरोध कंपनीला कमी आणि पसाऱ्याला जास्त असतो. गच्चीवरून खिडक्यांपुढे लोंबणाऱ्या काळ्या वायरी, भोकं पाडून तशाच सोडलेल्या भिंती, मग पावसात ओल. त्यामुळे अर्जात अटी तुम्हीच लिहा: वायर डक्टमधूनच जाईल, तिच्यावर फ्लॅट नंबरचा टॅग असेल, पाडलेलं भोक त्याच दिवशी बुजवलं जाईल. इच्छुक असलेल्या चार-पाच घरांच्या सह्या जोडा. कंपनीलाही एका घरासाठी यायला परवडत नाही, पाच घरं म्हटली की ती येते.

कोल्हापूरहून पुण्याला बदली झाली. जुनी जोडणी हलवावी की बंद करून नवीन घ्यावी?

आधी नव्या पत्त्यावर तीच कंपनी पोचते का, ते विचारा. तेही फक्त पिनकोड सांगून नव्हे. इमारतीचं नाव आणि विंग सांगा, कारण एकाच रस्त्यावर एका बाजूला फायबर असते आणि समोर नसते. पोचत असेल तर हलवा. नसेल तर बंद करा, पण नवी सुरू झाल्यावरच.

बंद करताना बॉक्स आणि ॲडॉप्टर परत दिल्याची पावती घ्या, त्यावर सीरियल नंबर हवा. ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार अनामत ४५ दिवसांत परत यायला हवी. नाही आली तर तक्रार नोंदवून डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या आणि मग कंपनीच्याच अपील ऑथॉरिटीकडे जा. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार हाताळत नाही, तिथे वेळ घालवू नका.

राजापूरजवळ गावी आई-वडिलांसाठी चिऱ्याचं घर बांधलं. फायबर रस्त्यापर्यंत आली आहे, घर आत दीडशे मीटरवर. मध्ये माडा-पोफळीची बाग. काय काळजी घ्यावी?

सगळ्यात आधी वायर माडाला बांधू देऊ नका. माड वाऱ्यात डुलतो, झावळी पडते, आणि प्रत्येक धक्का फायबरवर येतो. जीआय पाइपचे तीन-चार खांब उभे करा, किंवा गडग्याच्या कडेने जाड एचडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपातून वायर जमिनीखालून आणा. खर्च एकदाच होतो, पण भर जुलैत बाबांना छत्री घेऊन वायरमनची वाट बघावी लागत नाही. मध्ये जोड नको, अखंड तुकडा मागा. घराजवळ आठ-दहा मीटर वायर मोठ्या वेटोळ्यात जादा ठेवा, तुटली तर ओढायला होते.

वायरच्या आत किंवा सोबत लोखंडी तार असेल तर ती बाहेरच तोडून घ्या, घरात फक्त फायबर शिरू द्या. विजेला आत यायला मग धातूची वाट उरत नाही.

चिऱ्याची भिंत जाड असते आणि पावसाळ्यात ओल धरते, वायफाय तिच्यापलीकडे फारसं जात नाही. ओटीवरून माजघरात कॅट-६ ओढून तिथे दुसरा वायफाय बॉक्स बसवा. आई दिवसभर जिथे वावरते, नातवंडांचा व्हिडिओ कॉल तिथेच यायला हवा.

भिंतीत भोक पाडताना ड्रिल आतून बाहेर किंचित उतरतं धरायचं. आणि वायर भोकात शिरायच्या आधी वीतभर खाली झोळ देऊन वर न्यायची. वायरवरून वाहत आलेलं पाणी त्या झोळाच्या तळाशी ठिबकतं, भिंतीत जात नाही. तंत्रज्ञ घाईत असेल तर हे तो करणार नाही. तुम्ही समोर उभं राहून करून घ्या.