ऑरेंज सिटीचा टी-शर्ट आणि डेरीचा मित्र

प्रश्न: दादा, माझा मुलगा ग्लासगोला शिकायला आहे. लहानपणापासून फुटबॉलवेडा, कामठीला मॅच असली की बापाच्या मागे स्कूटरवर बसून जायचा. तिथे फ्लॅटमध्ये त्याच्यासोबत एक आयरिश मुलगा राहतो, सेल्टिक या तिथल्या फुटबॉल क्लबचा कट्टर सपोर्टर. याने नकाशात पाहून सहज विचारलं, 'तू लंडनडेरीचा ना?' तर तो गप्पच झाला, हातातला कप विसळून ठेवला अन् खोलीत निघून गेला. वरून त्या शनिवारी हा 'ऑरेंज सिटी नागपूर' लिहिलेला केशरी टी-शर्ट घालून त्यांच्यासोबत मॅच पाहायला निघाला तर दुसऱ्या मित्राने दारातच अडवून बदलायला लावला. पोरगं हिरमुसलंय. एका नावात अन् एका रंगात असं काय आहे?
– एक आई, इंदोरा

उत्तर: ताई, पोराने काही गुन्हा केला नाही हे आधी त्याला सांगा. नकाशात जे दिसलं ते बोलला. पण तो मित्र गप्प का झाला हे तुम्ही इंदोऱ्यासारख्या नागपूरच्या आंबेडकरी वस्तीत राहता म्हणून तुम्हाला लवकर कळेल.

उत्तर आयर्लंडमधल्या त्या शहराचं जुनं नाव डेरी, मूळ आयरिश शब्दाचा अर्थ ओकच्या झाडांची राई. १६१३ साली इंग्लंडच्या राजाने सनद दिली अन् पुढे 'लंडन' जोडलं, कारण लंडनच्या व्यापारी संघांच्या पैशावर तिथे इंग्लंड-स्कॉटलंडचे प्रोटेस्टंट लोक आणून वसवले जात होते आणि जमीन गेली ती तिथल्या आयरिश कॅथलिकांची. म्हणून कॅथलिक घरात बहुतेक 'डेरी'च म्हणतात, ब्रिटनशी नातं मानणारे प्रोटेस्टंट 'लंडनडेरी' म्हणतात, अन् त्यांच्यासाठी तेही बापजाद्यांचं नाव आहे, १६८९ चा १०५ दिवसांचा वेढा सोसलेलं. १९८४ ला नगर परिषदेने स्वतःचं नाव डेरी केलं पण शहराचं सरकारी नाव अजून लंडनडेरीच आहे, २००७ मध्ये कोर्टानेही तेच सांगितलं. म्हणजे तुमच्या पोराने पहिल्याच वाक्यात नकळत एक बाजू घेतली, आणि समोरच्याची नाही.

आपल्याकडे नामांतरासाठी १९७९ ला दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला होता, किती लोकांनी लाठ्या खाल्ल्या, घरं जळाली, जीव गेले, तेव्हा कुठे १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, तिथे सत्तेने नाव लादलं आणि इथे नाकारलेल्या माणसांनी नाव मागितलं. पण नावात काय आहे असं इंदोऱ्यात कोणाला विचारून पाहा.

आता फुटबॉल. सेल्टिक १८८७ ला ग्लासगोच्या पूर्व भागातल्या गरीब आयरिश कॅथलिकांसाठी वॉलफ्रिड नावाच्या धर्मबंधूने उभा केला. ग्लासगोचाच दुसरा मोठा क्लब रेंजर्स त्याआधीचा, १८७२ चा, सुरुवातीला त्याचा धर्माशी संबंध नव्हता, पण पुढे तो प्रोटेस्टंटांचा क्लब झाला आणि कितीतरी वर्षं तिथे कॅथलिक खेळाडू घ्यायचाच नाही असा न लिहिलेला नियम चालला. १९८९ ला मो जॉन्स्टनला घेतलं, तो कॅथलिक आणि वरून आधी सेल्टिककडून खेळलेला, तर रेंजर्सच्याच काही लोकांनी आपले स्कार्फ जाळले. एका स्ट्रायकरसाठी! मला हे वाचताना आजही वाईट वाटतं.

आणि केशरी रंग म्हणजे तिथे संत्रं नाही हो. ऑरेंज घराण्याच्या प्रोटेस्टंट राजा विल्यमने १६९० ला आयर्लंडमध्ये बॉइनच्या लढाईत कॅथलिक राजाला हरवलं, त्याच्या नावाने ऑरेंज ऑर्डर ही प्रोटेस्टंटांची संघटना चालते, दरवर्षी १२ जुलैला मिरवणुका निघतात. सेल्टिकच्या घोळक्यात छातीवर 'ऑरेंज' लिहून जाणं म्हणजे काय ते आता लक्षात आलं असेल, ज्याने दारात अडवलं त्याने उपकारच केले.

तर करायचं काय. पोराने मित्राला साधं विचारावं, तुझ्या घरी शहराला काय म्हणतात, आणि त्याच्यासमोर तेच म्हणावं. उद्या वर्गात कोणी लंडनडेरीचा भेटला तर त्याच्यासमोर त्याचं. याला दुतोंडीपणा म्हणत नाहीत, माणूस स्वतःच्या गावाला जे म्हणतो ते आपण म्हणायचं. स्टँडमधली गाणी मात्र अर्थ कळल्याशिवाय तोंडात घेऊ नयेत, जोश कितीही येवो, काहींमध्ये सरळ दुसऱ्याच्या धर्माला शिव्या आहेत.

मित्राशी बोलणं सुरू करायला डेरी सिटी क्लबचा विषय काढावा. दंगली-गोळीबाराच्या काळात दुसऱ्या टीम त्यांच्या ब्रँडीवेल मैदानावर यायला तयार नव्हत्या, घरच्या मॅच दुसऱ्या गावात खेळाव्या लागल्या, शेवटी १९७२ ला त्यांनी उत्तर आयर्लंडची लीग सोडली. १९८५ पासून ते सीमेपलीकडच्या, दक्षिणेच्या आयर्लंड या वेगळ्या देशाच्या लीगमध्ये खेळतात, शहर युनायटेड किंगडममध्ये असून. डेरीचा फुटबॉलवेडा पोरगा यावर दोन शब्दांत थांबणार नाही.

टी-शर्ट फेकायला नका सांगू. मॅचच्या दिवशी बॅगेत राहू द्या, रविवारी घरी तर्री पोहे करून सगळ्यांना खाऊ घाला म्हणावं अन् तेव्हा तो घालून सांगावं की आमच्याकडे ऑरेंज म्हणजे काटोल-नरखेडच्या बागा.