वाचकांचे प्रश्न : रेडिओवरच्या आवाजाला निरोप

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात राहते. आमच्या बेसबॉल संघाचे रेडिओ समालोचक या मोसमाअखेर निवृत्त होत आहेत. वीस वर्षं स्वयंपाक करता करता त्यांना ऐकलं. त्यांचा शेवटचा सामना घरच्या एएम रेडिओवरून रेकॉर्ड करून ठेवायचा आहे आणि त्यांना पत्रही लिहायचं आहे. कसं करावं? पुण्यातल्या माझ्या भावाला तो सामना ऐकता येईल का?

उत्तर : आधी रेकॉर्डिंगचं पाहू. पत्र बिघडलं तर पुन्हा लिहिता येतं, सामना पुन्हा होत नाही.

फोन रेडिओसमोर ठेवून रेकॉर्ड करू नका, कुकरची शिट्टीसुद्धा त्यात येते. रेडिओच्या हेडफोनच्या जागेतून 3.5 मिलिमीटरची केबल थेट रेकॉर्डरच्या लाइन-इनमध्ये (बाहेरचा आवाज केबलने आत घेण्याच्या जागेत) जोडा. आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या क्षणीही उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, कारण होमरनला, म्हणजे चेंडू थेट कुंपणापार मारला की, गर्दी एकदम उसळते. आणि आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय आठवणीने बंद करा. बहुतेक रेकॉर्डिंगं तिच्यामुळेच वाया जातात. समालोचक थांबला की ती गर्दीचा कल्लोळ वर ओढते आणि तो पुन्हा बोलू लागला की पहिले शब्द फाटतात.

थांबणं हा तर या कलेचा प्राण. विन स्कली यांनी 1950 पासून 2016 पर्यंत, सलग 67 मोसम, डॉजर्स या बेसबॉल संघाच्या सामन्यांचं समालोचन केलं. 8 एप्रिल 1974 रोजी हँक आरन यांनी कारकिर्दीतला 715वा होमरन मारून बेब रूथ यांचा सर्वाधिक होमरनचा विक्रम मोडला, तेव्हा स्कली चेंडू कुंपणापार गेल्याचं सांगून गप्प झाले आणि बराच वेळ फक्त गर्दी ऐकू दिली. आमच्या मते ते मौन त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत सुंदर समालोचन आहे. तुमच्या समालोचकांचं असं मौन जसंच्या तसं टिपलं गेलं पाहिजे.

एएम रेडिओच्या आत आडव्या दांडीची अँटेना असते. दांडीचं टोक केंद्राच्या दिशेला आलं तर आवाज सर्वांत क्षीण येतो, म्हणून रेडिओ हळूहळू फिरवून जागा ठरवा. एलईडी दिवे आणि चार्जर खरखर आणतात, ते बंद ठेवा. लॅपटॉपवर रेकॉर्ड करणार असाल तर तो बॅटरीवर चालवा. रंगीत तालीम सामन्याच्याच वेळी घ्या. सूर्यास्तानंतर दूरची केंद्रं मिसळू लागतात, दुपारची चाचणी रात्री उपयोगी पडत नाही.

44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, मोनो वेव्ह फाइलला तीन तासांसाठी साधारण 950 एमबी जागा लागते. पाच तासांची तयारी ठेवा. 25 सप्टेंबर 2016 रोजी घरच्या मैदानावर स्कली यांचा शेवटचा सामना नेहमीच्या नऊ डावांऐवजी दहाव्या डावापर्यंत लांबला. चार्ली कल्बरसन यांच्या होमरनने तो संपला आणि त्यानंतर स्कली यांनी मैदानातल्या लोकांचा निरोप घेतला. सामना संपताच रेकॉर्डर बंद करणाऱ्याच्या हाती तो निरोप लागला नसता.

भावाला एमएलबी (मेजर लीग बेसबॉल) अ‍ॅपच्या ऑडिओ वर्गणीवर ऐकता येईल. तुमच्याकडची संध्याकाळची 7.10 म्हणजे पुण्यात दुसऱ्या दिवशी सकाळचे 7.40. मोसमाच्या शेवटच्या रविवारी मात्र सामना सहसा दुपारी असतो, तेव्हा त्याला मध्यरात्रीनंतर जागावं लागेल.

आता पत्र. "तुमच्या आवाजाने सोबत केली" हे शेकडो जण लिहितील, खरं असूनही ते गर्दीत हरवेल. एकच सामना निवडा : प्रतिस्पर्धी कोण, कितवा डाव, बॅटर कोण, ते काय बोलले आणि तेव्हा तुमच्या ओट्यावर काय शिजत होतं. तारीख रेट्रोशीट या जुन्या सामन्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळाच्या धावफलकावर पडताळा, आठवणीत दोन सामने हमखास एक होतात. तारखेची किंमत स्कली जाणत होते. 9 सप्टेंबर 1965 रोजी डॉजर्सचे पिचर (चेंडू टाकणारे) सँडी कोफॅक्स यांच्या परफेक्ट गेमच्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांपैकी एकालाही तळावर पोहोचू न दिलेल्या सामन्याच्या, शेवटच्या डावात स्कली यांनी तारीख आणि घड्याळातली वेळ मुद्दाम सांगितली, ती कोफॅक्स यांच्याकडच्या रेकॉर्डिंगमध्ये कायमची राहावी म्हणून.

पत्र एका पानाचं, हाताने लिहिलेलं असू द्या. सही किंवा फोटो मागू नका. पाकिटावर त्यांचं नाव, खाली संघाच्या मैदानाचा पत्ता लिहा आणि घरच्या शेवटच्या सामन्याच्या तीन आठवडे आधी पोस्टात टाका.