घर-सल्ला : ट्रायबेकातला लॉफ्ट घ्यावा का?

प्रश्न : आम्ही जर्सी सिटीत भाड्याने राहतो. मॅनहॅटनमधल्या ट्रायबेकात एका प्री-वॉर (दुसऱ्या महायुद्धाआधीच्या) को-ऑप इमारतीतल्या, म्हणजे रहिवाशांच्या कंपनीच्या मालकीच्या इमारतीतल्या, लॉफ्टची जाहिरात पाहिली. तीन बेडरूम, बिडाचे खांब, 12 फुटी छत, किंमत 28 लाख डॉलर. बघायला जाताना नेमकं काय तपासावं?

उत्तर : आधी खिडक्या बघा. लॉफ्टच्या या इमारती मुळात गोदामं आणि कारखाने होत्या. प्लॉट साधारण 25 फूट रुंद, 100 फूट खोल, दोन्ही अंगांना शेजारी चिकटलेले. त्यामुळे उजेड फक्त पुढून आणि मागून येतो. मधल्या अंधाऱ्या पट्ट्यात भिंती घालून केलेल्या बिनखिडकीच्या खोलीला कायद्याने बेडरूम म्हणता येत नाही, म्हणून नकाशात तिथे ‘होम ऑफिस’ लिहिलेलं असतं. बाजूच्या भिंतीत खिडकी दिसली तर जास्तच सावध राहा. ती प्लॉटच्या हद्दीवर असेल, तर शेजारची इमारत उंच झाली की विटांनी बुजवावी लागू शकते. तिसरी बेडरूम अशी निघाली, तर भाव दोन बेडरूमचाच बोला.

मग घरातली पायाखालची जमीन. विटांच्या भिंतींवर लाकडी तुळया टाकलेल्या असतात, त्या शंभर वर्षांत थोड्या झुकतातच. गोटी घरंगळली म्हणून घाबरू नका. पण उतार एकाच खांबाकडे असेल आणि वर प्लॅस्टरला ताजी भेग असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअर न्या. लाकडातून वरच्यांची पावलंही ऐकू येतात. घर संध्याकाळी, वरची मंडळी घरात असताना बघा.

बाथरूम हलवायचा विचार असेल तर आत्ताच विचारा. खालच्या शेजाऱ्याच्या बेडरूमवर किंवा हॉलवर ओली जागा (बाथरूम, स्वयंपाकघर) आणायला बहुतेक को-ऑप बोर्डं, म्हणजे इमारतीची व्यवस्थापन मंडळं, परवानगी देत नाहीत. घरात लहान मूल असेल, तर खिडक्यांच्या चौकटींवरच्या जुन्या रंगाची शिशासाठी तपासणी करून घ्या; न्यूयॉर्कमध्ये घरांत शिशाच्या रंगाला बंदी 1960 साली आली. इमारत लँडमार्क हद्दीत (जतन केलेल्या ऐतिहासिक भागात) असेल, तर दर्शनी खिडक्या लँडमार्क्स कमिशनच्या परवान्याशिवाय बदलता येत नाहीत.

खरी परीक्षा कागदांची. सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सीवर, म्हणजे इमारतीच्या वापराच्या सरकारी दाखल्यावर, तुमच्या मजल्याचा वापर निवासी लिहिलेला हवा. तिथे अजून ‘फॅक्टरी’ असेल, तर कर्जाला बँक अडून बसते. वकिलाकडून को-ऑपच्या गेल्या दोन वर्षांच्या बोर्ड मीटिंगांची इतिवृत्तं आणि ताळेबंद वाचून घ्या. लॉफ्ट इमारतीत घरं मोजकीच असतात. छत आणि लिफ्टचं काम 4 लाखांचं निघालं आणि आठ सारखे वाटेकरी असले, तर प्रत्येकाच्या माथी 50,000 डॉलर. शिल्लक निधी कमी असेल तर हे कधी ना कधी येणारच.

‘मॅन्शन टॅक्स’, म्हणजे महागड्या घराच्या खरेदीवरचा कर, ग्राहकाने भरायचा असतो. 20 ते 30 लाख डॉलरच्या टप्प्यात तो पूर्ण किमतीवर 1.25 टक्के, म्हणजे तुम्हाला 35,000 डॉलर. को-ऑपमध्ये तुम्ही कंपनीचे शेअर घेता, त्यामुळे कॉन्डोच्या (जिथे फ्लॅट थेट तुमच्या नावावर होतो) कर्जावर लागणारा मॉर्गेज रेकॉर्डिंग टॅक्स, म्हणजे कर्ज नोंदणीचा कर, मात्र वाचतो.

प्रश्न : पुण्याहून आई-बाबा थोडी रक्कम भेट म्हणून पाठवणार आहेत. चालेल का?

उत्तर : चालेल, पण लवकर हालचाल करा. एलआरएसखाली, म्हणजे भारतातून परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलर पाठवता येतात. 10 लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापते. तो आई-बाबांच्या आयकरात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. रक्कम मार्चअखेर आणि एप्रिलच्या सुरुवातीला विभागली, तर मर्यादा दोन वर्षांच्या मिळतात. वर्षात 1,00,000 डॉलरपेक्षा जास्त आलं, तर तुम्हाला अमेरिकेत परदेशी भेटीची माहिती देणारा फॉर्म 3520 भरावा लागेल. त्यावर कर नाही, पण फॉर्म न भरल्यास दंड मात्र जबर.

आणि बोर्डाला आपल्याकडची सोसायटीची कमिटी समजू नका. ते कारण न देता नकार देऊ शकतं. व्यवहारानंतर तुमच्या खात्यात किती रोकड उरते ते बोर्ड बघतं, म्हणून भेटीचे पैसे अर्ज करण्याआधी तुमच्या खात्यात जमा असू द्या.

प्रश्न : मॅनहॅटनमधल्याच सोहोत तसाच लॉफ्ट स्वस्त दिसतो. का?

उत्तर : तिथल्या अनेक लॉफ्टवर ‘आर्टिस्ट इन रेसिडन्स’ची अट असते, म्हणजे घरात शहराने प्रमाणित केलेला कलाकार राहायला हवा. 2021 च्या झोनिंग (जागेच्या वापराच्या नियमांतल्या) बदलाने यातून बाहेर पडायची वाट ठेवली आहे, पण ती फुकट नाही. तो खर्च कोणाच्या माथी, हे करारात लिहून घेतल्याशिवाय 10 टक्के बयाणा देऊ नका.